शेवटचा टाका बंद केल्यावर

आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग याची ‘रायडर्स टू द सी’ ही एकांकिका १९०४ साली डब्लिनमध्ये रंगमंचावर आली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरचं कोळ्याचं घर. घरातला मुलगा, मायकल, समुद्रावर गेलेला आणि बेपत्ता. दूर उत्तरेला डोनेगॉलच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं होतं. त्याच्या अंगावरचा सदरा आणि एक पायमोजा एवढंच गाठोड्यात बांधून पाद्र्याने पाठवलं आहे. बहिणी आईच्या नकळत गाठोडं सोडतात. सदऱ्यावरून काही ठरत नाही, कारण तसल्या कापडाचे तागेच्या तागे गॉलवेच्या दुकानांत पडलेले आहेत आणि असा सदरा कुणाच्याही अंगावर असू शकतो. मग धाकटी नोरा मोजा हातात घेते, टाके मोजते आणि तिला कळून चुकतं. साठ टाके घातले होते, त्यांतले चार गळले होते. तो मोजा तिनेच विणला होता.

या प्रसंगावरून पुढे एक दंतकथाच पसरली. अ‍ॅरन बेटांवर म्हणे घराण्यागणिक स्वेटरची नक्षी वेगळी असे, बुडालेल्या कोळ्याची ओळख पटावी म्हणून. पर्यटकांना ही गोष्ट आजही सांगितली जाते. अभ्यासकांना ती मान्य नाही. वेण्यावेण्यांच्या नक्षीचा तो जाड पांढरा स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत घडत गेला आणि सिंग तर १८९८ मध्येच पहिल्यांदा त्या बेटांवर गेला होता. शिवाय नाटकात ओळख पटते ती नक्षीवरून नव्हेच. ती पटते टाक्यांच्या आकड्यावरून आणि त्यातल्या उणिवेवरून. दुकानातलं निर्दोष कापड तिथे मुकं राहतं आणि चार गळलेले टाके बोलतात.

हाताने विणलेला स्वेटर पुरा कसा करायचा आणि त्यात राहून गेलेल्या चुकांचं काय करायचं, हा पुढच्या पानांचा विषय आहे. विणायला शिकवणारी पुस्तकं टाके कसे घालायचे, सुलट-उलट कसं विणायचं, मुंढ्याला किती टाके कमी करायचे हे नीट सांगतात. आणि मग शेवटी ‘सर्व भाग जोडून घ्यावेत’ एवढ्या एका वाक्यावर संपतात. प्रत्यक्षात असंख्य स्वेटर अडतात ते नेमके या वाक्यापाशी. पाठ झालेली असते, पुढचे दोन भाग झालेले असतात, एक बाही झालेली असते. दुसरी बाही सुईवर अर्ध्यावर असते आणि तेवढ्यात पाठीवर, कमरेच्या काठापासून वीतभर वर, एक उलट टाका सुलट पडलेला दिसतो. हात थांबतो. पिशवी कपाटात जाते.

अशा वेळी थोडा हिशेब मांडून पाहावा. मध्यम बांध्याच्या माणसाच्या स्वेटरच्या पाठीला ११० टाके आणि १६० ओळी धरल्या, तर एकट्या पाठीचे साडेसतरा हजारांवर टाके होतात. पुढची बाजू तेवढीच. दोन्ही बाह्यांचे मिळून आणखी तेवढेच. मुंढे आणि गळ्याची घट वजा केली तरी आकडा पन्नास हजारांच्या आसपास जातो. यातला प्रत्येक टाका म्हणजे आधीच्या फेऱ्यातून ओढून काढलेला एक फास, आणि तो ओढताना कधी दारावरची बेल वाजते, कधी कुकरची शिट्टी होते, कधी मालिकेत काहीतरी घडतं. पन्नास हजारांत पाच-सात फास चुकले तर ते हाताच्या कामाचं स्वाभाविक प्रमाण आहे. त्यात कौशल्याची कमतरता शोधू नये.

पण सगळ्या चुका सारख्या नसतात आणि इथे लाडीगोडी कामाची नाही. विणकामात काही चुका अशा असतात की त्या ठेवल्या तर स्वेटर टिकत नाही किंवा अंगात जात नाही. गळलेला टाका ही त्यातली पहिली. तो एकदा सुटला की ताण पडेल तसा खाली खाली उसवत जातो आणि शिडीसारखी उभी रेघ उमटते. दुसरी चूक मापाची. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले असतील आणि विणणाऱ्याच्या हाताला २० च बसत असतील, तर २२० टाक्यांचा १०० सेंटिमीटरचा घेर ११० होतो. दोन टाक्यांचा फरक म्हणून सोडून दिलेली गोष्ट छातीवर चार बोटं ढगळ दिसते. तिसरी चूक गळ्याची. गळ्याचे टाके आवळून बंद केले तर डोकं आत जात नाही, आणि लहान मूल तर असा स्वेटर पुन्हा अंगाला लावू देत नाही. यावर मात्र उपाय सोपा आहे. फक्त शेवटची ओळ उसवायची आणि एक-दोन नंबर जाड सुईने टाके सैल बंद करायचे.

गळलेला टाका स्वेटर पुरा झाल्यावर दिसला, तरी घाबरून सगळं उसवायची गरज नसते. क्रोशाची बारीक सुई घ्यावी. सुलट बाजू समोर धरावी. खाली लोंबणाऱ्या फासात सुई पुढून घालावी, त्याच्या वरची आडवी दोरी आकड्यात पकडावी आणि फासातून ओढून घ्यावी. हा एक टाका झाला. मग त्याच्या वरची दोरी, पुन्हा त्याच्या वरची. वीस ओळी खाली गेलेला टाका काही मिनिटांत वर येतो. वर जागा नसेल, म्हणजे आजूबाजूचे टाके आधीच बंद झालेले असतील, तर त्याच लोकरीचा वीतभर तुकडा घेऊन तो फास उलट बाजूने बांधावा आणि दोन्ही टोकं शेजारच्या टाक्यांच्या पाठीमागे ओवून जिरवावीत. पुढून पाहिलं तर एक टाका जरा दाटलेला दिसेल, एवढंच.

वेणीच्या नक्षीत पीळ उलटा पडला तर त्याचंही असंच. सगळी ओळ उसवण्याऐवजी त्या वेणीचे सहा टाके तेवढे सोडून चुकलेल्या ओळीपर्यंत खाली जाता येतं आणि पुन्हा वर विणत येता येतं. काम नाजूक आहे, पहिल्यांदा करताना धीर लागतो. पण वेणी छातीच्या मधोमध असेल तर तेवढे कष्ट घ्यावेत. ती काखेत असेल, तर राहू द्यावी. कुठे राहू द्यायचं आणि कुठे नाही हे ठरवणं हाच या विद्येतला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो कुठल्याही नमुन्यात छापलेला नसतो. अनुभवी बायका यासाठी एक साधी कसोटी लावतात. स्वेटर समोरच्या भिंतीवर टांगायचा, चार हात लांब जायचं आणि ज्याला चूक माहीत नाही अशा माणसाला विचारायचं. त्याला सापडली नाही, तर ती चूक विणणाऱ्याची खासगी बाब आहे.

रंगाची फसगत मात्र लांबूनच दिसते. लोकरीच्या लडीवरच्या चिठ्ठीवर रंगाच्या नंबराखेरीज रंगवणीच्या घाण्याचाही नंबर असतो. तो वेगळा असेल तर तोच गुलाबी रंग दोन छटांचा येतो, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे लक्षात येत नाही. पोटावर मध्येच पट्टा उमटलेला पाहून विणणारीचा जीव खालीवर होतो. वेळीच कळलं तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या असं वीसेक ओळी विणल्याने सांधा विरघळतो. नाहीतर वेगळ्या छटेची लोकर काठ, गळा आणि बटणपट्टीला वापरावी. मग तो मुद्दाम केलेला बेत वाटतो, आणि खरोखरच तो बेतच असतो, फक्त उशिरा सुचलेला.

जोडणीपूर्वी स्वेटरचे भाग धुऊन घ्यावेत, असं सांगितलं की पुष्कळांना ते उगाच वाढवलेलं काम वाटतं. ते तसं नाही. लोकर म्हणजे केसच. तिच्यातलं केराटिन पाणी शोषतं, वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा ती सहज पोटात घेते आणि ओली असताना तिचे आतले बंध सैल होऊन सुकताना नव्याने बसतात. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलेला आणि मापाप्रमाणे सपाट वाळत घातलेला भाग सुकला की घट्ट-सैल टाके एकमेकांना सांभाळून घेतात. निम्म्या बारीकसारीक चुका इथेच नाहीशा होतात. ही गोष्ट खऱ्या लोकरीची. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा अ‍ॅक्रिलिक असतो. त्याला पाण्याने असा आकार येत नाही, आणि गरम इस्त्री थेट टेकली तर तो कायमचा लुळा पडतो. घेतानाच चिठ्ठी वाचावी.

मग शिवण. दोन भाग उलटे धरून घाईघाईने कशाही टाक्याने शिवले की कडेला जाड दोरखंड तयार होतो. त्याऐवजी दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवावेत. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका यांच्यामध्ये एक आडवी दोरी दिसते. एकदा या भागाची दोरी, एकदा त्या भागाची, असं सुईने उचलत जावं. पाच-सहा वेळा झालं की लोकर हलकेच ओढावी. शिवण आत बुडते आणि दोन भागांचा एक होतो. विणकामात याहून समाधानाचा क्षण नाही. गळ्याच्या आणि बटणपट्टीच्या टाक्यांचंही एक प्रमाण आहे. टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून कडेने टाके उचलताना चार ओळींमागे तीनच उचलावेत. चारही उचलले तर पट्टीला झालर पडते, दोनच उचलले तर पुढचा काठ वर खेचला जातो. बटणपट्टी वाकडी दिसणाऱ्या बहुतेक स्वेटरांचं कारण हेच असतं.

शिवणीचा ज्यांना खरोखरच कंटाळा आहे त्यांच्यासाठी एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) हे नाव मोलाचं आहे. इंग्लंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिलेल्या या बाईंनी छातीच्या घेरावरून बाही, मनगट, गळा यांचे टाके टक्केवारीत काढण्याची रीत रूढ केली आणि गोल सुईवर बिनशिवणीचा स्वेटर विणायला शिकवलं. त्यांचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ १९७१ चं. त्यांचं मोठं काम असं की छापील नमुन्याला घाबरणाऱ्या बायकांना त्यांनी स्वतःच्या डोक्यावर आणि हातावर विश्वास ठेवायला लावलं.

चुकांविषयी बोलताना एक लोकप्रिय समजूत बाजूला ठेवावी लागते. जुन्या कारागिरांनी म्हणे आपल्या कामात मुद्दाम एक चूक ठेवली, कारण परिपूर्ण फक्त देव. गालिच्यांबद्दल हे सांगतात, अमेरिकेतल्या रजयांबद्दल सांगतात. रजयांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना याला काही पुरावा मिळालेला नाही. ज्याने स्वतः विणलं आहे त्याला पुरावा लागतही नाही. चूक मुद्दाम पेरावी लागत नाही, ती आपल्या पायांनी चालत येते.

मुद्दाम चूक करावी लागली ती यंत्राच्या जगात. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र बनवलं, तेव्हापासून यंत्राचा टाका सारखा होत गेला. यंत्र चुकतं तेही सारखंच. एक सुई तुटली की वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ. जपानी वेशकार रेई कावाकुबो यांनी १९८२ मध्ये भोकाभोकांचे काळे स्वेटर आणले, ते या सारखेपणाला वैतागूनच. त्यासाठी यंत्राचे स्क्रू सैल करावे लागले होते. त्यांतला एक स्वेटर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

महाराष्ट्रात थंडी थोड्या दिवसांची. निफाडला पारा घसरल्याची बातमी येते तेवढे आठवडे सोडले तर जाड स्वेटर बाहेर निघत नाही. इथल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर राठ, ती घोंगडीला जाते, विणायची लोकर येते ती लुधियानाकडून. तरीही मराठी घरांत विणकाम मुरलं, आणि त्याचं मोठं कारण बाळंतविडा. टोपडं, मोजे, स्वेटर हा संच बाळाच्या आधी तयार व्हायला हवा, आणि बाळ काही दुसऱ्या बाहीसाठी थांबत नाही. म्हणून घरोघरी लहान मुलांचे स्वेटर पुरे झाले आणि मोठ्या माणसांचे रखडले. तोच स्वेटर नंतर धाकट्याला, मग मावसभावाला, मग शेजारच्या नव्या बाळाला जात राहिला. त्याच्या डाव्या बाहीत दोन टाके जास्त आहेत याची तक्रार त्या साखळीत कुणी केली नाही. १९६२ च्या युद्धातही देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. तेव्हा वेळेत पुरं करणं हीच गुणवत्ता होती. उंचावरच्या थंडीत ऊब लागते, सरळ रेघ नव्हे.

याच घरांनी उसवण्याचीही एक रीत जपली आणि ती चुका सुधारण्याइतकीच महत्त्वाची आहे. मूल वाढलं की स्वेटर शेवटच्या टाक्याकडून उसवायचा, लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची. उसवलेल्या लोकरीला शेवयांसारखी वळणं पडलेली असतात. लडी चार ठिकाणी सैल बांधून धुवायची आणि खाली हलकं वजन लावून टांगायची, म्हणजे धागा सरळ होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग झालं तेव्हा ‘मेक डू अँड मेंड’ या मोहिमेतून सरकार लोकांना जे शिकवत होतं, त्याच जातीची ही काटकसर. संपूर्ण उसवायचा नसेल तर फक्त कमरेचा काठ वाढवता येतो. काठाच्या वरच्या ओळीतला एक टाका कापून ती ओळ सोडवायची, मोकळे फास सुईवर घ्यायचे आणि खालच्या दिशेने विणायचं. उलट दिशेने विणल्यामुळे टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या सुलट विणीत ते कळत नाही, एक सुलट एक उलटच्या पट्ट्यांत कळतं. ज्या स्वेटरने मुलाला आणखी दोन हिवाळे दिले त्याच्यावर ही अर्ध्या टाक्याची खूण असायलाच हवी.

दोन हातांच्या कामाची खूण आणखी एका ठिकाणी दिसते. अमेरिकेतल्या जेन सिमोनिक आणि मेसी कॅप्लन या विणकामात मुरलेल्या मैत्रिणींना परिचितांच्या घरून एक विनंती आली होती. आई गेली, तिचं विणकाम अर्धवट राहिलं, ते पुरं कराल का? त्यातून २०२२ मध्ये ‘लूज एंड्स’ हा उपक्रम उभा राहिला. मृत्यूमुळे किंवा आजारपणामुळे अर्ध्यावर राहिलेलं हातकाम हजारो स्वयंसेवक पैसे न घेता पुरं करून घरच्यांना परत देतात. दुसऱ्याच्या सुईवरचं काम हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतो तो ताण. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. सुईचा नंबर बदलून तो जुळवायचा प्रयत्न करता येतो, पण हात जिथे बदलला ती ओळ बोटांना लागतेच. आणि आधीच्या भागात एखादा टाका चुकलेला असेल, तर तो दुरुस्त करायचा का? ज्या मुलाला तो स्वेटर परत मिळणार आहे, त्याच्या दृष्टीने तो चुकलेला टाका आईच्या अक्षरातल्या खाडाखोडीइतका तिचा आहे. तो तसाच ठेवावा, असं या लेखनामागचं ठाम मत आहे.

स्वेटर अंगावर आला की नव्या उणिवा सुरू होतात. काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूने लोकरीचे गोळे धरतात, ते ओढून तोडू नयेत, कात्रीने कापावेत. कोपर विरतं. तिथे भोक पडायची वाट न पाहता धागा बारीक झाला की त्याच टाक्यांच्या वळणावरून नवी लोकर ओवत जावं, म्हणजे वीण तशीच दिसते आणि दुप्पट टिकते. धुवायला रिठ्याचं पाणी उत्तम. पाणी फार गरम नको, पिळणं नको, आणि दोरीवर टांगणं तर नकोच, नाहीतर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. कसर लागते ती मळलेल्या, घामाच्या कपड्याला आधी, म्हणून उन्हाळ्यात ठेवताना धुऊन, खडखडीत वाळवून ठेवावा. कडुनिंबाचा पाला असेल तर आणखी चांगलं. आणि प्रत्येक स्वेटरबरोबर त्याच्या लोकरीचा एक छोटा गुंडा, चिठ्ठीसकट, जपून ठेवावा. पुढच्या दहा वर्षांची डागडुजी त्या गुंड्यावर अवलंबून असते.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. ज्यांचा स्वेटर तुकड्यांत पडून आहे त्यांनी शिवणीचं प्रकरण आधी उघडावं, सगळ्यात जवळच्या सुट्टीच्या दिवशी सगळे भाग भिजवावेत, सुकल्यावर खांदे जोडावेत, मग बाह्या, मग कडा. ज्याच्यासाठी विणला त्याला तो या हिवाळ्यात घालू द्यावा. पाठीवरचा तो चुकलेला टाका पुढच्या वर्षीही तिथेच असेल. तेव्हाही डाचत असेल तर क्रोशाची सुई घेऊन बसायला हरकत नाही.